चेंडूकडे नव्हे, जमिनीकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अदिती अशोक चौथी आली, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत गोल्फला अधूनमधून जागा मिळू लागली आहे. चांगलेच आहे. पण बातमीशेजारी नवख्यांसाठी सल्ल्याची जी चौकट येते, तिच्यात बहुधा तीच चार वाक्ये असतात : डोके खाली ठेवा, डावा हात ताठ ठेवा, पटिंगवर (चेंडू भोकात ढकलण्यावर) भर द्या आणि चांगला ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घ्या. चौथ्या वाक्याने निदान दुकानदाराचे भले होते. पहिल्या तिघांतले एक चुकीचे आहे, एक अर्धवट आणि एक अर्धसत्य. आणि ज्या अदितीमुळे ही चौकट छापली जाते, ती त्या स्पर्धेत सर्वांत कमी लांब मारणाऱ्या खेळाडूंपैकी होती, हे त्या चौकटीत कधी येत नाही.

हे पत्र आठवड्यातून एकदा-दोनदा खेळणाऱ्या, १५ ते ३० हँडिकॅपच्या, म्हणजे फेरीत ठरलेल्यापेक्षा साधारण तितके फटके जास्त घेणाऱ्या, हौशी खेळाडूसाठी आहे. त्याच्या खेळातली मुख्य गळती एकाच जागी असते. त्याचा क्लब जमिनीला नको त्या ठिकाणी लागतो. बाकीचे दोष याच्या आगेमागे येतात, म्हणून आधी हेच नीट मांडतो.

स्विंग म्हणजे एक कमान. तिला एक सर्वांत खालचा बिंदू असतो. चांगल्या खेळाडूच्या हातात आयर्न (मधल्या अंतराचा, धातूच्या पात्याचा क्लब) असेल तर तो बिंदू चेंडूच्या तीन-चार इंच पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला पडतो. त्यामुळे क्लब उतरता उतरता आधी चेंडूला लागतो, मग गवताला. गवताचा निघालेला तुकडा, ज्याला आपण डिव्हॉट म्हणतो, चेंडू जिथे होता त्याच्या पुढे असतो. हौशी खेळाडूचा खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मग दोनच गोष्टी होऊ शकतात. क्लब आधी मातीत रुततो आणि चेंडू पन्नास यार्डांवर जाऊन बसतो, हा फॅट. किंवा क्लब जमीन चुकवतो पण चेंडूपाशी येईतो वर उठू लागलेला असतो, त्याची धार चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू सरपटत ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, पार जातो. हा थिन, आणखी वर लागला तर टॉप. खेळाडू म्हणतो, आज एकदा फॅट होतेय, एकदा टॉप होतेय, काही कळत नाही. हे दोन आजार नाहीत, एकच आहे. फॅट झाल्यावर माणूस दचकून अंग वर उचलतो, मग टॉप होतो. टॉप झाला की शेजारचा सांगतो, ‘डोके उचललेस’. मग तो डोके गाडून बसतो आणि पुन्हा फॅट.

‘डोके खाली’ हा सल्ला घातक का, ते इथेच कळते. चेंडू गेल्यावरही नजर जमिनीवर खिळवून ठेवली तर खांदे फिरायचे थांबतात, खांदे थांबले की कंबर थांबते आणि वजन उजव्या पायावरच राहते. वजन मागे, म्हणजे खालचा बिंदूही मागे. चेंडू लागेपर्यंत डोके साधारण एका जागी असावे इतकेच खरे. त्यानंतर ते छातीबरोबर फिरू द्यावे. ‘डावा हात ताठ’ हेही तसेच. हात लांब असावा, पण कोपर आवळून ठेवले की खांद्यापर्यंत सगळे ताठरते आणि छाती वळतच नाही.

वजन मागे राहण्याचे खरे कारण शरीरात नसून मनात असते. चेंडू जमिनीवर पडलेला, तो हवेत जायला हवा, म्हणून माणूस त्याला खालून उचलायला जातो. मनगटे लक्ष्याकडे मुडपतात, उजवा खांदा खचतो, वजन टाचेवर जाते. पण उचलण्याचे काम क्लब करतो. सात नंबरच्या आयर्नचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, सुमारे ३० ते ३४ अंश मागे कललेला असतो, तो उगीच नाही. उतरत्या क्लबने चेंडूला गाठले की चेंडू आपोआप चढतो.

महाराष्ट्रात गोल्फकडे येणारे बहुतेक जण क्रिकेट खेळून आलेले असतात, आणि त्यांना क्रिकेट विसरायला सांगतात. सगळे विसरू नये. पुढच्या पायावर वजन टाकून, डोके चेंडूवर ठेवून मारलेला स्ट्रेट ड्राइव्ह आठवा. आयर्नच्या फटक्यात वजन तसेच जायला हवे. मागच्या पायावर रेलून उचलायला गेलेला फलंदाज मिडऑनला झेल देतो, गोल्फमध्ये त्याच हालचालीला फॅट म्हणतात. विसरायचा तो फक्त खालचा, म्हणजे उजवा हात. क्रिकेटमध्ये शेवटच्या क्षणी तो मुठीने बॅट ढकलतो. गोल्फमध्ये तसे केले की क्लबचे डोके हातांच्या पुढे पळते आणि बिंदू पुन्हा मागे सरकतो.

आता उपाय. लागते ती चुन्याची फक्की, कबड्डीचे मैदान आखायला वापरतात ती, आणि सराव-पट्ट्याच्या व्यवस्थापकाची परवानगी. गवतावर लक्ष्याच्या दिशेला काटकोनात पाच-सहा फुटांची पांढरी रेघ ओढा. तिच्यावर असे उभे राहा की रेघ दोन पायांच्या मधोमध, फार तर दोन बोटे डावीकडे येईल. हातात आठ नंबर. चेंडू ठेवू नका. अर्धा स्विंग घ्या, हात कमरेपर्यंत मागे आणि कमरेपर्यंत पुढे, आणि गवत कुठे कापले गेले ते बघा. एक पाऊल सरकून रेघेवरच्या नव्या जागी दुसरा. असे दहा. गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढे कापले गेले तर बरोबर, मागे कापले गेले तर चूक. डिव्हॉटची जाडी भाकरीएवढी पुरे. खड्डा खणायचा नाही. दहापैकी सात बरोबर येईपर्यंत चेंडू पिशवीतून काढायचा नाही. हा शेवटचा नियम पाळणारे फार थोडे असतात, आणि सुधारणारेही तेवढेच.

रेघेच्या मागे गवत कापले जात असेल तर या क्रमाने तपासा. आधी शेवट पाहा : स्विंग संपल्यावर उजव्या बुटाची फक्त बोटे जमिनीला टेकलेली, पट्ट्याचे बक्कल लक्ष्याकडे, आणि या स्थितीत तीन सेकंद डगमगता न उभे राहता येते का? नाही आले तर वजन पुढे गेलेलेच नाही. मग सुरुवात पाहा : उभे राहतानाच वजन उजवीकडे झुकले आहे का? आयर्नला ते समसमान किंवा डावीकडे किंचित जास्त असावे. तिसरे, चेंडूची जागा : नऊ नंबर आणि वेजला (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबला) मधोमध, सहा-सातला चेंडूभर डावीकडे. पुष्कळांचा चेंडू ड्रायव्हरच्या सवयीने पार डाव्या टाचेशी गेलेला असतो. मग स्विंग चांगला असूनही क्लब आधी जमिनीवर पोचतो. मनगटांकडे सर्वांत शेवटी जावे. वजन सुधारले की त्यांची निम्मी खोड आपोआप जाते.

हे सगळे गवतावर करायला सांगतो आहे, याला कारण आहे. शहरातल्या बहुतेक सराव-पट्ट्यांवर प्लॅस्टिकची मॅट असते, आणि मॅट धडधडीत खोटे बोलते. चेंडूच्या दोन-तीन इंच मागे आदळलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका छान उडतो. त्याच फटक्याने मैदानावर चेंडू जेमतेम निम्मे अंतर जाईल. शंभर चेंडूंची टोपली मॅटवर रिकामी करून रविवारी मैदानावर हताश होणाऱ्यांचे कोडे एवढेच आहे. वर, मॅटखालच्या सिमेंटवर आदळून कोपर दुखते ते वेगळेच. मॅटशिवाय सोय नसेल तर पंच्याची (टॉवेलची) घडी करून चेंडूच्या चार इंच मागे ठेवा. क्लब पंच्याला लागला तर तो फटका फॅट धरायचा, चेंडू कितीही लांब गेला तरी. चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने टिंब काढले तर ते क्लबच्या चेहऱ्यावर उमटते. फटका क्लबच्या टाचेकडे (दांड्याजवळ) लागतो की टोकाकडे ते पाच चेंडूंत कळते. दोन्ही साधने मिळून शंभर रुपयांच्या आत.

ड्रायव्हर हा या सगळ्याला अपवाद. तिथे जमीन लागताच कामा नये. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, टी (चेंडू ठेवायची खुंटी) इतकी उंच की क्लब जमिनीवर टेकवल्यावर निम्मा चेंडू त्याच्या माथ्याच्या वर दिसावा. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो आणि क्लब वर येताना चेंडू गाठतो. म्हणजे आयर्नला जो दोष, तो इथे गुण. मात्र तो जागेने आणायचा, उचलून नाही. टी फार बुटकी ठेवणारे लोक क्लब वरून खाली आणतात, चेंडूला फिरकी जास्त बसते, तो उंच चढतो आणि तिथेच पडतो.

ड्रायव्हरचा खरा शत्रू स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा चेंडू. त्याबद्दल अजूनही उलटे शिकवले जाते. जुनी समजूत अशी की चेंडू निघतो स्विंगच्या दिशेने आणि वळतो क्लबच्या चेहऱ्याच्या दिशेने. रडारवर चालणारी मोजणी-यंत्रे आल्यावर दिसले की प्रकार जवळजवळ उलटा आहे : चेंडू निघताना मुख्यतः चेहऱ्याची दिशा धरतो, ड्रायव्हरला तर ८० टक्क्यांहून अधिक. आणि चेहरा व स्विंगचा मार्ग यांच्यात जितका फरक, तितका तो वळतो. आता स्लाइसवाला काय करतो बघा. चेंडू उजवीकडे जातोय म्हणून तो डावीकडे रोख धरून उभा राहतो. स्विंगचा मार्ग आणखी डावीकडे जातो, चेहरा मात्र होता तिथेच उघडा. फरक वाढला, स्लाइसही वाढला. तो आणखी डावीकडे वळतो. काही जण अशा रीतीने शेजारच्या फेअरवेकडे (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याकडे) तोंड करून उभे असतात.

याची सुरुवात पकडीपासून करा. क्लब हातात घेऊन खाली बघितले तर डाव्या मुठीची दोन ते अडीच पेरे दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर चेहरा उघडाच येणार. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली घडी उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. पकड बदलल्यावर पहिले आठ-दहा दिवस चेंडू डावीकडे पळेल. घाबरून पकड मागे फिरवू नका, तो स्विंग जुन्या सवयीने भरपाई करत असतो. अर्ध्या वेगाने, दर वेळी तीस-चाळीस चेंडू, इतकेच. आणि रबरी ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर आधी ती बदला. मुंबईच्या दमटपणात हाताचा घाम आणि तेल साचून ती वर्षभरात काचेसारखी होते, मग क्लब सटकू नये म्हणून माणूस मूठ आवळतो आणि मनगटे बांधली जातात. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश. नव्या ड्रायव्हरच्या किमतीत पूर्ण संचाच्या ग्रिप कितीदा बदलून होतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ग्रीनजवळची चिप (ग्रीनवर टाकलेला छोटा फटका) म्हणजे फक्कीवरच्या रेघेचाच छोटा प्रयोग. पाय जवळ, वजन साठ-सत्तर टक्के डाव्या पायावर आणि शेवटपर्यंत तिथेच, हात चेंडूच्या किंचित पुढे. नवखा प्रत्येक चिपला सँड वेज काढतो, कारण दूरदर्शनवर तसे दिसते. गरज नसते. सपाट ग्रीनवर ढोबळ हिशेब असा : पिचिंग वेजने चेंडू एक भाग हवेत आणि दोन भाग जमिनीवर जातो, नऊ नंबरने एकास तीन, आठ नंबरने एकास चार. झेंडा बारा पावलांवर असेल तर नऊ नंबरने तीन पावलांवर चेंडू टाकायचा, उरलेली नऊ पावले तो आपणहून जाईल. म्हणून नजर झेंड्यावर न ठेवता चेंडू जिथे पडायचा त्या जागेवर ठेवायची. तिथे हातरुमाल अंथरून वीस चेंडू टाका. ही रुमालाची तालीम रोज अंगणातही होते. आणि ग्रीनच्या कडेला गवत बारीक कापलेले असेल तर बिनधास्त पटर (पटिंगचा क्लब) वापरा. हौशी खेळाडूची सर्वांत वाईट पटसुद्धा (पटरचा फटका) त्याच्या सर्वांत वाईट चिपपेक्षा बरी असते.

वेजच्या तळाला जो फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात. सँड वेजला तो साधारण १० ते १४ अंश. मे महिन्यात, पाणी कमी मिळालेल्या कडक जमिनीवर हा फुगवटा आदळून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते. तिथे नऊ नंबर किंवा पिचिंग वेज. जुलैत मऊ ओल्या जमिनीवर उलट : धारदार तळाचा क्लब रुततो, फुगवट्याचा तरंगतो. ऋतूप्रमाणे क्लब बदला, हे फारसे कुणी सांगत नाही.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, मात्र जमीन मुद्दाम आधी मारायची. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद असते. ती वाळूत चेंडूखाली अशी पुरली आहे असे समजा की चेंडू तिच्या मध्यावर. ती नोट वाळूसकट बाहेर फेकायची. म्हणजे क्लब चेंडूच्या दोन-अडीच इंच मागे वाळूत शिरतो, पुढे तितकाच जाऊन बाहेर येतो आणि चेंडूला तो स्पर्शही करत नाही. वाळू चेंडूला नेते. क्लबचा चेहरा आधी उघडा आणि मगच पकड घ्या. पकडलेला क्लब मनगटाने उघडला तर खाली येताना तो बंद होतोच. बहुतेकांचे बिघडते ते वाळू लागताच थांबण्याने. वीस यार्डांच्या बंकर-फटक्याला साध्या पन्नास-साठ यार्डांएवढा स्विंग लागतो आणि तो पूर्ण करावा लागतो. पावसाने घट्ट झालेल्या वाळूत चेहरा कमी उघडा ठेवा आणि स्विंगही आखूड करा, कारण तिथून चेंडू जोरात सुटतो. सरावात रेघ ओढून बिनचेंडूचे दहा फटके जरूर मारा. खेळताना मात्र फटक्याआधी चाचपण्यासाठी किंवा सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला क्लब लावला तर दंड आहे.

पटिंग ‘सर्वस्व’ आहे असे म्हणतात. पार, म्हणजे ठरलेले फटके, ७२ असलेल्या मैदानात पटिंगचे ३६ फटके गृहीत धरलेले असतात, म्हणून निम्मा खेळ पटिंगचा, असा तो युक्तिवाद. आकडा खरा, निष्कर्ष कच्चा. ९० मारणारा आणि ८० मारणारा यांच्यातल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. पटिंगने वाचतात ते फटके मुख्यतः तीन पटांच्या होलवर (टीपासून भोकापर्यंतच्या टप्प्यावर), आणि ते लांबच्या पहिल्या पटमुळे जातात, जवळच्या दुसऱ्या पटमुळे नाही. भोक सव्वाचार इंचांचे. दहा फुटांवरून पटरचा चेहरा एका अंशाने चुकला तर चेंडू दोन इंचांहून थोडा जास्त बाजूला जातो, म्हणजे काठावर. पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांतले) खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्म्याच पट घालतात. तेव्हा दहा फुटांवरची चुकली म्हणून कपाळाला हात लावू नका. तीस फुटांवरून मारलेली सहा फूट आखूड राहिली, तिथे लावा. सराव असा : २०, ३० आणि ४० फुटांवरून प्रत्येकी तीन चेंडू, भोकाभोवती तीन फुटांचे कोंडाळे, नऊपैकी सात आत यायला हवेत. अंतर पावलांनी मोजा आणि पटर किती मागे नेला ते लक्षात ठेवा. मग तीन फुटांवरून, पटरच्या दोन्ही टोकांना बोटभर जागा ठेवून दोन टी रोवा आणि त्यांच्यामधून सलग वीस.

आपल्याकडच्या उष्ण हवेतल्या ग्रीनवर सहसा बर्म्युडा जातीचे गवत असते. ते एका दिशेला झोपते आणि चेंडूला आपल्याबरोबर नेते. भोकाकडे बघताना ग्रीन चकाकत दिसली तर गवत तुमच्यापासून दूर झोपलेले आहे, चेंडू जोरात जाईल. गडद, मळकी दिसली तर गवत तुमच्याकडे तोंड करून आहे, जोर वाढवा. भोकाची एक कड खरबरीत, तपकिरी असते. गवत त्या कडेच्या दिशेने वाढते आहे. हे सगळे कॅडीला (क्लबची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) पाठ असते. पण त्याला ‘किती आणि कुठे’ विचारून मोकळे होण्यापेक्षा आधी स्वतः अंदाज सांगा, मग त्याला विचारा. दहा-बारा फेऱ्यांत डोळा तयार होतो. नुसते विचारत राहिलात तर दहा वर्षांत होत नाही.

क्लब कोणता घ्यायचा, यात अहंकार फार आड येतो. एकदा सहा नंबरने १६० यार्ड गेलेला चेंडू आयुष्यभर लक्षात राहतो. प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारा, दोन सर्वांत लांब आणि दोन सर्वांत आखूड सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी काढा. आणि चेंडू थांबला तिथले नाही, पडला तिथले अंतर लिहा. सराव-पट्ट्याचे झिजलेले चेंडू कमी जातात, हेही धरा. मैदानावर झेंड्याऐवजी ग्रीनच्या मध्याचे अंतर पकडा. हौशी खेळाडूच्या चुका बहुतांशी आखूड असतात आणि बंकर, पाणी बहुतेक पुढेच असते, त्यामुळे शंका आली की एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब मारणारा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. चेंबूरच्या मैदानापेक्षा येरवड्याला त्याच फटक्याला जेमतेम दोन टक्के जास्त अंतर मिळते, म्हणजे दीडशेला तीन यार्ड. पुण्याहून मुंबईला खेळायला जाणाऱ्यांनी याचा बाऊ करू नये.

टी, म्हणजे इथे होल सुरू करायची जागा, कोणती निवडावी, यालाही साधा हिशेब आहे. पाच नंबरने चेंडू नेहमी जितका जातो, त्याला ३६ ने गुणा. दीडशे यार्ड जात असेल तर ५४०० यार्डांचे मैदान तुमचे. बरोबरच्या मंडळींनी ६५०० च्या मागच्या टीवरून खेळायचे ठरवले म्हणून प्रत्येक पार-चारला दुसरा फटका लाकडाने (वूड या लांब मारायच्या क्लबने) मारत बसू नका. पुढच्या टीला ‘बायकांची टी’ म्हणून नाक मुरडणारे अजून आहेत. त्यांचे स्कोअरकार्ड बघावे.

पावसाळ्यात नियम माहीत असणे हे एखाद्या क्लबइतके उपयोगी पडते. जनरल एरियात (बंकर, ग्रीन, टी आणि दंडाच्या जागा सोडून उरलेल्या मैदानात) आपल्याच माराने रुतलेला चेंडू दंडाशिवाय काढता येतो : चेंडूच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीएवढ्या अंतरात, भोकाच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. २०१९ पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडायचा असे, काही जण अजून तसेच करतात. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका आहे, पण बंकरमध्ये पाणी असेल तर फुकट सुटका बंकरच्या आतच. बाहेर यायचे तर एक दंड. चेंडू उचलून पुसून ठेवायची सवलत समितीने जाहीर केली असेल तरच, आणि तिने सांगितलेल्या जागी. ती नसताना फेअरवेवर चिखल लागलेला चेंडू पुसला तर एक फटका जातो. चिखल उजव्या बाजूला असेल तर चेंडू बहुधा डावीकडे वळेल इतके धरून मारा. झाडीत गेलेला चेंडू शोधायला आता तीनच मिनिटे, पूर्वीची पाच नाहीत. म्हणून निघण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असा शब्द उच्चारून दुसरा मारावा. नुसते ‘अजून एक मारतो’ म्हटले तर पहिला सापडला तरी बाद. ड्राइव्हचे गडगडणे ओल्या जमिनीवर शून्य होते, तेव्हा जुलैत दुसऱ्या फटक्याला दोन क्लब जास्त लागले तर स्विंगला दोष देऊ नका. आणि विजा चमकू लागल्या की समितीच्या भोंग्याची वाट न बघता खेळ थांबवता येतो, नियमच तसा आहे. झाडाखाली थांबू नये.

शेवटी मोजणीबद्दल. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे : शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ ची सरासरी, आणि एका होलवर जास्तीत जास्त पार अधिक दोन अधिक तुम्हाला तिथे मिळणारे फटके. म्हणजे १८ हँडिकॅपवाल्याला पार-चारवर सातच्या वर मोजायचे नाहीत. तेव्हा एका होलवर नऊ झाले म्हणून उरलेली फेरी सोडून देण्यात अर्थ नाही. मात्र आपल्या मंडळींत अडीच-तीन फुटांवरच्या पटला ‘ओके, ओके’ म्हणून चेंडू उचलायची जी पद्धत आहे, तिने हँडिकॅप खोटा होतो आणि स्पर्धेत पहिल्याच तीन फुटी पटला हात थरथरतो. सरावाच्या फेरीतही सगळ्या घाला. कार्डाच्या मागे प्रत्येक होलला चारच खुणा करा : जमीन आधी लागलेले फटके, दंडाचे फटके, ग्रीनच्या वीस यार्डांच्या आतून ग्रीनवर न पोचलेले फटके, आणि तीन पटांचे होल. पाच फेऱ्यांनंतर ज्या रकान्यात गर्दी असेल, त्याचा सराव. बहुतेकांच्या कार्डावर ती पहिल्याच रकान्यात दिसेल.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी चौकट छापताना ड्रायव्हरच्या छायाचित्राऐवजी डिव्हॉटचे छायाचित्र आणि त्यामागची पांढरी रेघ छापता आली तर बघावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे

ता. क. : वरचे सगळे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिले आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे बदलून वाचावे. गवताचे आणि पावसाचे मात्र आहे तसेच.